स्क्रूबीचा आर्चबिशपांचा वाडा: खंदक उरला, घर उरले नाही

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर काउंटीच्या अगदी उत्तर टोकाला, बॉट्री या बाजारगावाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर, रायटन नावाच्या लहानशा नदीकाठी स्क्रूबी हे खेडे वसलेले आहे. अष्टकोनी मनोरा असलेले संत विल्फ्रिड यांचे चर्च, थोडी घरे, गावाजवळून धावणारा लंडन-एडिंबरो लोहमार्ग आणि नदीलगतच्या कुरणात पसरलेले गवताळ खळगे व उंचवटे, एवढेच आज तेथे दिसते. त्या खळग्यांच्या जागी एकेकाळी यॉर्कच्या आर्चबिशपांचा, म्हणजे उत्तर इंग्लंडच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांचा, खंदकाने वेढलेला विस्तीर्ण वाडा होता. त्यात राजे राहिले, पदच्युत कार्डिनल राहिला आणि अखेरच्या काळात, अवघे वर्षभर, तेथे एका छोट्या धर्मगटाच्या गुप्त सभा भरल्या. पुढे अमेरिकेला गेलेल्या ‘पिलग्रिम’ मंडळींचे मूळ याच सभांमध्ये असल्यामुळे स्क्रूबीचे नाव जगभर झाले. प्रस्तुत प्रकरणात त्या कीर्तीपेक्षा जमिनीकडे अधिक लक्ष दिले आहे. एवढे मोठे घर कोणत्या कारणांनी नाहीसे झाले आणि मागे उरलेल्या मातीच्या आकारांवरून आपण काय सांगू शकतो व काय सांगू शकत नाही, हे पाहणे हा येथील उद्देश आहे.

खंदकाने वेढलेले मॅनर हाउस, म्हणजे जहागिरीच्या मालकाचा वाडा, हा मध्ययुगीन इंग्लंडमधील बराच प्रचलित प्रकार होता. अशा जागांची संख्या पाच हजारांच्या वर भरते आणि त्यांतील बहुसंख्य खंदक साधारण 1250 ते 1350 या शतकात, विशेषतः चिकणमातीच्या सखल प्रदेशात, खोदले गेले. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाची कल्पना मनात ठेवून या जागांकडे पाहिले तर गैरसमज होतो, कारण तोफा किंवा मोठा वेढा यांना तोंड देण्याचा विचार येथे क्वचितच होता. चोरचिलटांना अडवणे, दलदलीच्या जमिनीतील पाणी एका बाजूला काढून खोदलेल्या मातीने घराचा चौथरा उंच करणे, मासे राखणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे येथे कोणी प्रतिष्ठित माणूस राहतो हे दुरून दाखवणे, ही त्यांची नेहमीची कामे होती. बहुतेक खंदक गावच्या सामान्य जमीनदारांचे असत. स्क्रूबीचा खंदक मात्र इंग्लंडमधील दुसऱ्या क्रमांकाच्या धर्माधिकाऱ्याचा होता आणि म्हणून त्याच्या आतील संसारही वेगळ्या मापाचा होता.

जमिनीवर आज जे दिसते ते प्रथमदर्शनी निराशाजनक आहे. खंदक बराचसा कोरडा पडून उथळ झाला आहे, मत्स्यतळ्यांच्या जागी लांबट खळगे आहेत आणि जुन्या इमारतीचा जो एकमेव भाग टिकला तो अठराव्या शतकात बदल करून शेतघर म्हणून वापरात आणला गेला. त्या घराकडे पाहून कोणाच्याही डोळ्यांसमोर राजवाड्यासारखी वास्तू उभी राहणार नाही. वाड्याचे आवार सहा-सात एकरांचे असावे, असा अंदाज जुन्या अभ्यासकांनी मांडला होता. हिवाळ्याच्या सकाळी किंवा सायंकाळी सूर्य खाली असताना सावल्या लांबतात आणि दुपारी सपाट वाटणाऱ्या कुरणातही काठ, कोपरे आणि वळणे स्पष्ट होतात. अशा जागांची हवाई छायाचित्रे याच वेळी घेण्याचा प्रघात आहे, तो त्यामुळेच.

रस्ता, नदी आणि पाहुणे

हा वाडा येथेच का बांधला गेला, याचे उत्तर नकाशावर आहे. या भागातील जमीन नॉर्मन विजयाच्या आधीपासून यॉर्कच्या आर्चबिशपांकडे होती आणि 1086 च्या शाही जमीन-मोजणीतही ती त्यांच्याच नावे आढळते. लंडनहून यॉर्क व पुढे स्कॉटलंडकडे जाणारा ‘ग्रेट नॉर्थ रोड’ हा मुख्य रस्ता स्क्रूबीवरून जात होता. आर्चबिशपांना संसदेसाठी आणि दरबारासाठी वारंवार दक्षिणेकडे जावे लागे, त्यांच्याबरोबर मोठा लवाजमा असे आणि खासगी मालकीची मुक्कामाची जागा हाताशी असणे ही त्यांची व्यावहारिक गरज होती. याशिवाय आसपासच्या अनेक गावांवरील हक्क, न्यायाधिकार आणि वसुली यांचे केंद्रही स्क्रूबीच होते. म्हणजे हा वाडा एकाच वेळी विश्रामगृह, कचेरी आणि कोठार होता.

पाहुण्यांची यादी या स्थानमाहात्म्याला साजेशी आहे. 1503 मध्ये सातव्या हेन्रीची मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या राजाशी विवाह करण्यासाठी उत्तरेकडे जात असताना येथे उतरली होती. 1541 च्या उन्हाळ्यात आठवा हेन्री यॉर्कच्या दौऱ्यावर असताना त्याचाही मुक्काम येथे पडला. या दोघांच्या मध्ये, 1530 मध्ये, कार्डिनल वुल्झी येथे आला. राजाची मर्जी गमावलेला, लंडनमधील सत्ता हातातून निसटलेला, तरी अजून यॉर्कचा आर्चबिशप असलेला हा माणूस उन्हाळा आर्चबिशपांच्याच साउथवेल येथील दुसऱ्या वाड्यात काढून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत स्क्रूबीत राहिला. त्याचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश याने या दिवसांचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यानुसार वुल्झी रविवारी जवळपासच्या एखाद्या साध्या चर्चमध्ये जाई, तेथे प्रार्थना व प्रवचन होई, मग तो गावातच जेवण करी, गरिबांना अन्न व पैसे वाटी आणि लोकांमधील भांडणे मिटवी. पुढे तो कॅवुडला गेला, नोव्हेंबरच्या आरंभी त्याला अटक झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लेस्टर येथे त्याचा मृत्यू झाला.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने कॅव्हेंडिशने दिलेला एक आकडा या करुण कथेपेक्षा उपयोगी आहे. त्या वर्षी दक्षिण सोडताना, म्हणजे पडत्या काळातही, वुल्झीबरोबर 160 माणसे होती आणि सामान वाहणाऱ्या गाड्या वेगळ्या होत्या, असे तो सांगतो. एवढ्या माणसांना झोपण्यास जागा, घोड्यांना तबेले, भटारखाना, मद्य गाळण्याची सोय, सरपणाचा साठा आणि रोजचे अन्न लागणार. कुरणातील खळग्यांचा विचार या गरजांना जोडूनच करायला हवा. एकटा खंदक सुटा काढून त्याची लांबी-रुंदी मोजण्याने फारसे हाती लागत नाही.

लेलंडची साक्ष

वाडा उभा असताना त्याचे वर्णन करणारा सर्वांत मोलाचा साक्षीदार जॉन लेलंड होय. 1540 च्या आसपास इंग्लंडभर फिरून टिपणे काढणाऱ्या या अभ्यासकाने स्क्रूबीत दोनच गोष्टी लक्षात घेण्याजोग्या मानल्या. एक, आकाराने लहान पण उत्तम बांधलेले चर्च आणि दुसरी, खंदकाच्या आत उभा असलेला आर्चबिशपांचा मोठा वाडा. त्याच्या टिपणानुसार वाड्याला दोन चौक होते. बाहेरचा चौक ऐसपैस होता आणि तो संपूर्ण लाकडी बांधणीचा होता. अपवाद फक्त मुख्य दिवाणखान्याच्या दर्शनी भागाचा, जो विटांचा होता आणि ज्यावर दगडी पायऱ्यांनी चढून जावे लागे. आतला चौकही, त्याने पाहिला तेवढा, लाकडीच होता आणि घेराने बाहेरच्या चौकाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठा नव्हता.

या मोजक्या ओळींत आजच्या भूदृश्याचे बरेचसे स्पष्टीकरण सामावलेले आहे. दगडी वाडा पाडला तरी पायाचे दगड, भिंतींचा राबिट आणि तळघरे मागे राहतात, त्यांच्यावर गवत उगवते आणि भिंतींच्या रेषा उंचवट्यांच्या रूपाने शतकानुशतके दिसत राहतात. लाकडी चौकटीच्या इमारतीचे तसे नसते. तिचे खांब जमिनीवर ठेवलेल्या आडव्या लाकडांवर किंवा दगडांच्या बुटक्या पायावर उभे असतात, चौकटी खुंट्यांनी जोडलेल्या असल्यामुळे त्या सुट्या करून दुसरीकडे पुन्हा उभारता येतात आणि उत्तम ओकच्या लाकडाला नेहमीच गिऱ्हाईक असते. विटा आणि घडीव पायऱ्यांनाही तसेच. म्हणून स्क्रूबीत दिवाणखान्याची जागा उघड दिसत नाही, पण खंदक दिसतो, कारण काढून नेता येईल असे त्यात काहीच नव्हते. उघड्या डोळ्यांना दिसणारा अवशेष आणि वास्तूचे मूळ महत्त्व यांचे प्रमाण किती फसवे असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

लेलंडचे वर्णन आणखी एका बाबतीत सावध करते. आपण जो खंदक पाहतो तो दोन्ही चौकांना वेढणारा होता, हे त्याच्या शब्दांवरून वाटते, पण बाहेरचा चौक आतल्याच्या किमान चौपट असेल तर एवढे क्षेत्र सामावणारा खंदक बराच मोठा असला पाहिजे. सहा-सात एकरांच्या आवाराचा अंदाज या दृष्टीने अवास्तव वाटत नाही. एका लहान जमीनदाराच्या खंदकाने वेढलेला चौथरा अनेकदा एकरभराचाही नसतो.

मासे, उपवन आणि तरतूद

मत्स्यतळी ही स्क्रूबीतील सर्वांत बोलकी खूण आहे, असे माझे मत आहे, जरी अभ्यागत त्यांच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत. मध्ययुगीन चर्चच्या नियमांनुसार शुक्रवारी, ईस्टरपूर्व उपवासाच्या चाळीस दिवसांत आणि इतर अनेक ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य असे. समुद्रापासून दूर असलेल्या धर्माधिकाऱ्याच्या घरी ताजे मासे ही मोठ्या मानाची गोष्ट होती आणि ब्रीम, पाइक यांसारखे गोड्या पाण्यातील मासे बाजारात महाग असत. ते राखण्यासाठी एक तळे पुरत नाही. पिल्ले, वाढते मासे आणि जेवणासाठी काढून ठेवलेले मासे वेगवेगळे ठेवावे लागतात, पाणी आत घेण्यासाठी पाट आणि बाहेर सोडण्यासाठी दारे असावी लागतात आणि मधूनमधून तळे उपसून गाळ काढावा लागतो. लांबट खळग्यांची मालिका दिसते ती या कामामुळे. खंदक, तळी आणि रायटन नदी यांना म्हणूनच पाण्याची एकच व्यवस्था समजून वाचणे योग्य ठरते.

सतराव्या शतकात नॉटिंगहॅमशायरचा इतिहास लिहिणारा रॉबर्ट थोरोटन याने 1677 मध्ये नेमके हेच नोंदवले आहे. स्क्रूबीचा वाडा साउथवेलच्या वाड्यापेक्षा पाहुण्यांसाठी कितीतरी मोठा होता आणि अन्नधान्याच्या तरतुदीच्या दृष्टीनेही अधिक सोयीचा होता, त्याला पुष्कळ गावांचा ताबा जोडलेला होता आणि स्वतःचे शिकारीचे उपवन होते, असे तो सांगतो. लोकांच्या आठवणीतल्या काळापर्यंत तो वाडा उभा होता, हेही त्याचेच म्हणणे. कागदावरची ‘तरतूद’ आणि जमिनीवरची तळी येथे एकमेकांना दुजोरा देतात. अशी जुळणी खंदकाच्या जागांच्या अभ्यासात नेहमी मिळत नाही, कारण बहुतेक लहान वाड्यांबद्दल कोणी प्रवासी चार ओळीही लिहीत नसे.

भाडेपट्टा

वाडा कशामुळे गेला? युद्ध नाही, आग नाही, पूरही नाही. थोरोटन याचे उत्तर एका वाक्यात देतो. आर्चबिशप सँडिस यांनी तो आपला मुलगा सर सॅम्युएल सँडिस याला पट्ट्याने दिला आणि त्यानंतर तो जवळजवळ जमीनदोस्त झाला.

एडविन सँडिस 1576 ते 1588 या काळात यॉर्कचे आर्चबिशप होते. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचे चर्च रोमच्या पोपपासून वेगळे झाल्यानंतर, इंग्लंडमधील चर्चची मालमत्ता सर्वांच्या डोळ्यांत भरली होती. स्वतः एलिझाबेथ राणीला साउथवेल आणि स्क्रूबी या दोन्ही जागा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने हव्या होत्या आणि धर्मपीठाचे अपरिमित नुकसान होईल, असे सांगून सँडिस यांनी 1582 मध्ये तिला नकार दिला. त्यानंतर स्क्रूबी त्यांच्याच कुटुंबात गेले. यात निव्वळ ढोंग पाहणे सोपे आहे. लग्न करून संसार थाटणाऱ्या पहिल्या पिढीतील या बिशपांना मुलांना वारसाहक्काने देण्यासारखे स्वतःचे काही नसे आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पदावर असताना पट्ट्यांचा मार्ग वापरला, एवढे मात्र त्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे. परिणाम तरीही तोच झाला. ज्या घराचा उपयोग आर्चबिशपांच्या प्रवासाला आणि पाहुणचाराला होता ते आता एका खासगी पट्टेदाराच्या हाती आले. त्याला उत्पन्न जमिनीतून मिळत होते आणि दोन चौकांच्या लाकडी इमारतीची डागडुजी हा त्याच्यासाठी केवळ खर्च होता.

अशा अवस्थेत वाड्यात प्रत्यक्ष राहणारी माणसे म्हणजे ब्रूस्टर पिता-पुत्र. थोरला विल्यम ब्रूस्टर आर्चबिशपांच्या वतीने तेथील वसुली व देखरेख पाहत असे आणि मुख्य रस्त्यावरील शाही टपालाच्या टप्प्याचा कारभारही त्याच्याकडे होता. टपालाच्या टप्प्यावर ताजे घोडे तयार ठेवावे लागत आणि राजाच्या कामावर धावणाऱ्या स्वारांची सोय करावी लागे, तेव्हा तबेल्यांची रेलचेल असलेला जुना वाडा या कामाला उत्तम होता. केंब्रिजमध्ये काही काळ शिकलेला आणि राणीचा सचिव विल्यम डेव्हिसन याच्याबरोबर नेदरलँड्सला जाऊन आलेला धाकटा विल्यम, स्कॉटलंडच्या मेरीच्या वधानंतर डेव्हिसनची गच्छंती झाल्यावर घरी परतला. 1590 मध्ये वडील वारल्यानंतर टपालाचे काम त्याच्याकडे आले आणि 1607 च्या सप्टेंबरपर्यंत राहिले.

1606 च्या सुमारास अधिकृत चर्चपासून फारकत घेतलेल्या लोकांचा गट या वाड्यात जमू लागला. रिचर्ड क्लिफ्टन आणि जॉन रॉबिन्सन हे त्यांचे उपदेशक होते आणि शेजारच्या ऑस्टरफील्ड गावातून येणारा विल्यम ब्रॅडफर्ड नावाचा मुलगा, जो पुढे अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झाला, त्यांच्यात होता. ब्रॅडफर्डने नंतर लिहिले की हे लोक रविवारी बहुधा ब्रूस्टरच्या घरी, जे बिशपांचे मॅनर होते, तेथे जमत आणि ब्रूस्टर स्वतःला मोठा खर्च सोसून प्रेमाने त्यांची सरबराई करी. म्हणजे यॉर्कच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील धर्मन्यायालय ज्यांचा पाठलाग करत होते ते लोक आर्चबिशपांच्याच मालकीच्या छताखाली प्रार्थना करत होते. हजर न राहिल्याबद्दल ब्रूस्टरला 1608 मध्ये 20 पौंडांचा दंड ठोठावण्यात आला. तोवर गट हॉलंडकडे निघाला होता. आधी ॲम्स्टरडॅम, मग 1609 मध्ये लायडन आणि 1620 मध्ये त्यांतील काही जण मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला गेले. त्यांना वसाहतीची परवानगी मिळवून देण्यात अमेरिकेत वसाहती वसवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचे एक प्रमुख सर एडविन सँडिस यांची मदत झाली आणि ते स्क्रूबीच्या पट्टेदाराचेच भाऊ होते.

ब्रूस्टर गेल्यानंतर वाड्याला वाली उरला नाही. 1637 च्या सुमारास त्याचा बहुतेक भाग पाडण्यात आला.

कीर्ती उशिरा आली

पुढची दोन शतके स्क्रूबी विस्मृतीत गेले. पिलग्रिम मंडळी नेमकी कोठून आली हे अमेरिकेतील वंशजांनाही ठाऊक नव्हते. नॉटिंगहॅमशायर, लिंकनशायर आणि यॉर्कशायर यांच्या सीमा जेथे मिळतात त्या भागातील ‘बिशपांचे मॅनर’ या ब्रॅडफर्डच्या धाग्यावरून जोसेफ हंटर या इंग्रज संशोधकाने स्क्रूबीची ओळख पटवली आणि 1849 मध्ये ती पुराव्यानिशी मांडली. योगायोग असा की त्याच वर्षी रेटफर्ड ते डॉंकास्टर हा लोहमार्ग सुरू झाला आणि जागेच्या जवळून आगगाड्या धावू लागल्या. त्यानंतर अमेरिकन यात्रेकरूंची रीघ लागली आणि पुढे शेतघरावर स्मृतिफलकही बसला.

या कीर्तीने जागेचे रक्षण होण्यास हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील कितीतरी खंदक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नांगराखाली गेले किंवा बुलडोझरने बुजवले गेले, आणि त्यांच्यासाठी कोणी फलक लावला नव्हता. परंतु त्याच कीर्तीने वाचनही एकांगी केले. येणारा प्रत्येक जण ब्रूस्टरची खोली शोधतो, आणि जमीन त्याबद्दल काहीही सांगू शकत नाही. वर्षभर चाललेल्या प्रार्थनासभा मातीत खूण सोडत नाहीत, सोडू शकतही नाहीत. त्या सभांसाठी कोणी खड्डा खोदला नाही, भिंत बांधली नाही, तळे उपसले नाही. जमिनीत जे आहे ते त्याआधीच्या तीन-चार शतकांतील आर्चबिशपांच्या गृहव्यवस्थेचे आहे. पिलग्रिमांचा स्क्रूबी कागदपत्रांत शोधावा लागतो, आर्चबिशपांचा स्क्रूबी कुरणात.

ही जागा आता कायद्याने संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे. 1979 च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार अशा जागी परवानगीशिवाय उत्खनन, भराव किंवा बांधकाम करता येत नाही आणि धातुशोधक यंत्र वापरण्यासही स्वतंत्र परवानगी लागते. शेतघर खासगी मालकीचे असल्यामुळे अभ्यासकालाही मालकाच्या संमतीनेच आत जाता येते. अशा परिस्थितीत जमीन न उकरता करता येणाऱ्या पद्धती अधिक उपयुक्त ठरतात. विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंची मोजणाऱ्या लायडार तंत्राने हातभर उंचीचे फरकही नकाशावर येतात आणि इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने अशी माहिती 2015 पासून सर्वांना विनामूल्य खुली केली आहे. जमिनीचा विद्युतरोध मोजल्यास विटांचा किंवा दगडांचा पाया आणि बुजलेला ओलसर खड्डा यांत फरक करता येतो, तर चुंबकीय सर्वेक्षणात चुली, भट्ट्या आणि विटकाम उठून दिसते. लाकडी इमारतीबाबत या दोन्ही पद्धती काहीशा लंगड्या पडतात, हे येथे विशेष अडचणीचे आहे. याउलट खंदकाच्या तळाशी जर ओल टिकून राहिली असेल तर हवेचा संपर्क न आल्याने लाकूड, कातडे, बिया, माशांची हाडे आणि परागकण शाबूत राहण्याची शक्यता असते, आणि म्हणून कुरणाखालचा निचरा वाढवणारे एखादे साधे शेतीकामही उत्खननाइतकेच घातक ठरू शकते.

सर्वेक्षणासाठी सर्वांत फलदायी प्रश्न लेलंडनेच ठरवून दिला आहे. त्याच्या टिपणात विटांचा असा एकच भाग आहे, दिवाणखान्याचा दर्शनी भाग, आणि त्याला लागून दगडी पायऱ्या. एवढ्या लाकडी आवारात विद्युतरोध व चुंबकीय मापनात ठळकपणे उमटू शकेल अशी जागा तीच. ती निश्चित झाली तर बाहेरचा चौक कोणत्या दिशेला पसरला होता, आतला चौक त्याच्या एक चतुर्थांश होता हे प्रमाण खरे ठरते का, आणि आज उभे असलेले शेतघर त्या दोहोंपैकी कोणत्या चौकाचा भाग होते, हे तीन प्रश्न एकाच वेळी पुढे सरकतील.